काही नाही

मंगळवारी साडेअकराची वेळ त्यांची. अकरा अठ्ठावीसला ते जिना चढायचे. माझी खोली लोकमान्य नगरच्या स्टेशनापासून फार लांब नाही. महूकडे जाणारी गाडी गेली की खिडकीच्या काचा जरा थरथरतात. ते खुर्चीत टेकायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि आज गाडी वेळेवर होती की चार मिनिटं लेट, ते सांगायचे. मग मी विचारायचे, "कसा गेला आठवडा?" आणि ते म्हणायचे, "काही नाही. ठीक."

इंदूरमध्ये समुपदेशनाचं काम करते आहे त्याला आता बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या खोलीत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेले शब्द हेच. झोप का लागत नाही? काही नाही, असंच. आत्ता डोळ्यांत पाणी का आलं? काही नाही हो, कचरा गेला. आपल्या घरांमधून हे दोन शब्द मुलं फार लवकर शिकतात. गुडघा फुटलेला असतो, रक्त पोटरीवर आलेलं असतं, तरी आईनं "काय झालं रे?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. आईसुद्धा ओट्याशी डोळे पुसताना सापडली तर तेच सांगते, आणि कांद्यावर ढकलून मोकळी होते.

आमच्या क्षेत्रात या 'काही नाही'ला एक भारदस्त नाव आहे. मराठी पुस्तकांत 'प्रतिरोध' लिहितात, आपसांत बोलताना आम्ही सगळे 'रेझिस्टन्स' म्हणतो. मदत मागायला आलेला माणूसच मदतीच्या आड येतो, उशिरा येतो, विषय बदलतो, गप्प बसतो, वाद घालतो, सांगितलेलं करत नाही. मी शिकत होते तेव्हा केस मांडताना "क्लायंट फार रेझिस्टंट आहे" असं वाक्य आलं की वर्गात सगळे समजल्यासारखी मान हलवायचे. त्या मान हलवण्यात एक सुटका असायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वाक्य संपेपर्यंत दोष समोरच्या खुर्चीत जाऊन बसलेला असायचा.

हा लेख त्या मंगळवारच्या गृहस्थांबद्दल आहे. त्यांना आणि त्यांच्या मुलीला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एक गोष्ट मात्र बदलू नका असं त्यांनीच बजावलं: ते रेल्वेत गार्ड होते. २०२२ मध्ये रेल्वेनं गार्डला 'ट्रेन मॅनेजर' असं नवं नाव दिलं. ते निवृत्त त्याच्या बरेच आधी झालेले, पण पहिल्याच भेटीत मला स्पष्ट सांगितलं होतं, "मी गार्ड होतो. मॅनेजर बँकेत असतात."

मुलगी त्यांना घेऊन आली होती. आई जाऊन आठ महिने झालेले. बाबा जेवत नाहीत, रात्री दोन-दोन वाजता उठून बाथरूमचा दिवा लावून नुसते उभे राहतात, नातवाशीही बोलत नाहीत. डॉक्टरांनी तपासण्या करून औषध चालू केलं होतं आणि सोबत बोलायला कुणीतरी हवं म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं. मुलगी बाहेर गेल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मला बाणगंगेला तर नाही ना पाठवणार?" इंदुरात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सरकारी मानसिक रुग्णालय बाणगंगेला आहे, आणि 'याला बाणगंगेला न्या' हे आमच्या शाळेतलं सर्रास चिडवणं होतं. सत्तरीला टेकलेला माणूस ती भीती बरोबर घेऊन माझ्या समोर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

इथे एक आकडा सांगायला हवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह बारा राज्यं होती. मानसिक आजार असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण, आजारानुसार, सत्तर ते ब्याण्णव टक्के निघालं. म्हणजे माझ्या जिन्याच्या पायऱ्या चढून जो आला, त्यानं स्वतःच्या, घरच्यांच्या आणि गल्लीतल्या केवढ्या नकाराला तोंड दिलेलं असतं! त्याच्यावर पहिल्याच महिन्यात 'रेझिस्टंट' असा शिक्का मारायला हात धजावू नये. माझा धजावला होता.

कारण ते फक्त गाड्यांबद्दल बोलायचे.

पाच आठवडे मी मीटरगेज, म्हणजे जुन्या अरुंद रुळांची रेल्वे, ऐकला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटीचं कर्ज दिलं तेव्हा खंडवा-इंदूर लाइन झाली, हे मी शाळेत वाचलेलं. पण त्या लाइनीवरून आयुष्य काढलेला माणूस भेटला नव्हता. पातालपानी ते कालाकुंड हा त्यांचा आवडता टप्पा. घाट. चाळीस फूट पुढे सरकलं की एक फूट खाली. खालून वर येताना चढावर गाडी ढकलायला कालाकुंडला मागे बँकर इंजिन जोडायचे, तेवढ्या वेळात पानात बांधलेला कलाकंद विकायला यायचा. ब्रेक व्हॅनमधली, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यातली, ब्रेकच्या गेजची सुई. टेल लॅम्प. गार्डचा काळा पेटारा. २०२३ मध्ये तिथली मीटरगेजची नेहमीची वाहतूक बंद झाली ती रुंदीकरणासाठी, हे सांगताना त्यांचा आवाज प्रथमच थोडा खाली आला. बायकोबद्दल बोलताना तो आला नव्हता. बायकोबद्दल ते बोलतच नव्हते. मी विषय काढला की "हो, ती गेली. काही नाही, वय होतं." की परत घाट.

दर मंगळवारी ते गेल्यावर मला अपराधी वाटायचं. मुलगी फी भरते आहे आणि आपण तासभर रेल्वेच्या गोष्टी ऐकतो आहोत! जिन्यात ती विचारायची, "ताई, बाबा काही बोलले का?" मी सांगायचे, "चांगलं चाललंय." हे सांगायचा मला अधिकार नव्हता, याकडे पुन्हा येते.

सहाव्या मंगळवारी ते घाटाच्या माथ्यावर होते. उतार लागायच्या आधी गाडी उभी करायची, ड्रायव्हर ब्रेक लावणार, गार्डनं मागे गेजवर डोळा ठेवायचा, सुई खाली येते की नाही. आणि मी मध्येच म्हटलं, अगदी मऊ, शिकवलेल्या आवाजात, "काका, मला असं वाटतंय की काकूंबद्दल बोलणं जड जातं, म्हणून आपण गाड्यांकडे वळतो. तुम्हाला काय वाटतं?"

वाक्य चुकीचं नव्हतं. परीक्षेत लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "वेळ झाली मॅडम." वीस मिनिटं बाकी होती. ते उठले, खुर्ची नीट सरकवून ठेवली, गेले. पुढचा मंगळवार रिकामा. त्याच्या पुढचाही. मुलीचा मेसेज आला, 'बाबा म्हणतात आता बरं वाटतंय, गरज नाही.'

त्या दोन मंगळवारी मी साडेअकराला माझ्या खुर्चीत बसून राहिले. पुस्तकं काढली. फ्रॉइड आणि ब्रॉयर यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियाच्या रुग्णांवरचा अभ्यास छापला, त्यात एमी फॉन एन. या टोपणनावाच्या एका बाईंची हकीकत आहे. फ्रॉइड तेव्हा तरुण, उत्साही. हे कुठून आलं, ते कशामुळे झालं, असं सारखं खोदून विचारणारे. बाई एकदा वैतागून म्हणाल्या की सारखं हे कुठून नि ते कुठून विचारू नका, मला जे सांगायचंय ते सांगू द्या. फ्रॉइडनं ते ऐकलं आणि प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण त्याच पुस्तकात दुसऱ्या रुग्णांच्या कपाळावर हात दाबून 'आता आठवेल, आठवलंच पाहिजे' असा आग्रह धरणारेही तेच आहेत, आणि समोरून येणारा विरोध म्हणजे जोर लावून मागे सारायची शक्ती, ही कल्पनाही तिथलीच. आमच्या विद्येच्या जन्मापासून हे दोन हात तिच्यात आहेत. एक कपाळावर दाबलेला, दुसरा मागे घेतलेला.

नंतरच्या शंभर वर्षांत हा हिशोब बराच बदलला. मला सगळ्यात अस्वस्थ करणारं काम जेराल्ड पॅटर्सन आणि मेरियन फोर्गॅच यांचं, १९८५ सालचं. हट्टी मुलांच्या पालकांबरोबर काम करताना थेरपिस्टनं ठरवून आळीपाळीनं दोन तऱ्हांनी वागायचं: थोडा वेळ शिकवायचं, चूक दाखवायची, मग थोडा वेळ नुसती साथ द्यायची, ऐकायचं. शिकवणं सुरू झालं की समोरचा विरोध वाढायचा, थांबलं की उतरायचा. तीच माणसं, तीच खोली. विरोध त्यांच्या स्वभावात असता तर असा नळासारखा कमी-जास्त झाला नसता. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी तर पुढे हा शब्दच आपल्या मांडणीतून काढून टाकला. त्यांचं म्हणणं, यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. 'आहे तसं राहू दे' असं माणसाचं मन म्हणतं, ती त्याची स्वाभाविक दुविधा. आणि तुमच्या-त्याच्या नात्यात तेढ पडते, ती दोघांची. माझ्या आणि गार्डसाहेबांच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट झाली होती, आणि मी ती पहिल्या खात्यावर मांडत होते.

(एक बाजूची गोष्ट. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक आजी यायच्या. कशालाच नीट उत्तर द्यायच्या नाहीत. मी वहीत 'सहकार्य करत नाही' लिहिलं होतं. चौथ्या वेळी त्यांच्या सुनेनं सांगितलं, डाव्या कानानं ऐकूच येत नाही, आणि मी डावीकडेच बसत होते. आधी खुर्ची तपासावी, मन नंतर.)

मग मी मेसेज लिहिला. मुलीला नाही, थेट त्यांना. खूप वेळा खोडून शेवटी उरला तो असा: 'मागच्या वेळी मी घाई केली आणि तुमचं बोलणं मध्येच तोडलं. चूक माझी. घाटाच्या माथ्यावर गाडी उभी राहिली आहे, पुढचं मला ऐकायचं आहे. मंगळवार साडेअकरा ही वेळ तुमची आहे. आला नाहीत तरी मी असेन.' शेवटचं वाक्य पाठवताना मला भीती वाटली. एखाद्याला गळ घालणं आणि त्याच्यासाठी जागा राखून ठेवणं यातली रेघ बारीक असते.

तिसऱ्या मंगळवारी अकरा अठ्ठावीसला जिन्यात पावलं वाजली. बसले. घड्याळ बघितलं. "ब्रेक टेस्टपर्यंत आलो होतो ना?"

मी ऐकलं. या वेळी खरंच ऐकलं, पुढच्या प्रश्नाची तयारी न करता. गेजवरची सुई खाली येते. ड्रायव्हर ब्रेक सोडतो, सुई परत चढते. ती पूर्ण चढेपर्यंत गार्ड हिरवी झेंडी दाखवत नाही. कितीही लेट असो, कंट्रोलचा कितीही फोन येवो. "कारण मॅडम, उतारावर निघाल्यावर ब्रेक धरत नाहीत असं कळून काय उपयोग?" हे ते गाडीबद्दलच बोलत होते. मी त्याचा अर्थ लावून त्यांना परत दिला नाही. त्या दिवशी एवढं एकच काम मी चांगलं केलं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "एक विचारू? माझी मुलगी खाली विचारते, तेव्हा तुम्ही काय सांगता?"

तर त्यांना हे माहीत होतं. मी खरं सांगितलं: 'चांगलं चाललंय' एवढं सांगत आले, आणि तेही तुम्हाला विचारल्याशिवाय सांगायला नको होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमात गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. त्या कलमाचं प्रशिक्षण मी इतरांना दिलेलं आहे. पण आपल्याकडे माणूस एकटा येत नाही. त्याला घेऊन येणारं प्रेम असतं, फी असते, दारातला काळजीचा चेहरा असतो, आणि आपण दोन शब्दांनी त्या चेहऱ्याला दिलासा देतो. खोलीतल्याला कळतं की भिंत पातळ आहे. यापुढे मुलीला काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे ते ठरवतील असं आमचं ठरलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि दुसरं. तुम्ही मला काका म्हणता."

"आवडत नाही?"

"आवडतं. पण काका म्हटल्यावर मग काय बोलायचं? मुलीच्या वयाच्या बाईला काही गोष्टी सांगायच्या नसतात."

हे कुठल्या परदेशी पुस्तकात सापडणार नाही, आणि म्हणूनच इथे सविस्तर लिहावंसं वाटतं. आपण नात्यांची नावं सहज, मायेनं वापरतो. काका, मावशी, ताई, दादा. आल्याआल्या परकेपणा जातो, चहा पुढे येतो. पण प्रत्येक नावाबरोबर एक कर्तव्यही येतं. मी त्यांना काका केलं त्या क्षणी मी पुतणी झाले, आणि पुतणीला जपणं हे काकाचं काम. पाच आठवडे मी ज्याला टाळाटाळ म्हणत होते त्यातला मोठा भाग म्हणजे ते मला जपत होते.

मी विचारलं, "ड्यूटीवर असताना कुणाला सांगितलं असतं?"

"ड्रायव्हरला. पण त्यानं पाहिलेलंच असायचं. त्याला काय सांगणार."

"मग मी ड्यूटीवर आहे असं धरा, गार्डसाहेब."

त्या शब्दावर ते जरा सरळ बसले. बाहेर महूची गाडी गेली, काचा थरथरल्या, आणि त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन धागे सांगितले: कशासाठी भेटतोय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांतला जिव्हाळा. मी तिसऱ्या धाग्यावर विसंबले होते, आणि तोही चुकीच्या नावानं विणला होता. पहिल्या दोहोंबद्दल त्यांना मी कधी नीट विचारलंच नव्हतं. काय हवंय, हे मुलीनं सांगितलं होतं: बाबांनी जेवावं, बोलावं, पूर्वीसारखं व्हावं. आता विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रात्री दोनला मला पाण्याचा आवाज येतो. तो का येतो, ते कळायला हवं."

पुढचं त्यांनी तीन-चार भेटींमध्ये सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. गाडीखाली माणूस आला की गाडी थांबते आणि गार्डला उतरून पाहावं लागतं. मागे चालत जायचं. रात्र असेल तर हातदिवा घेऊन. मेमो लिहायचा, पुढच्या स्टेशनमास्तरच्या हाती द्यायचा. नोकरीत असं अकरा वेळा झालं. अकराही जागा त्यांना पाठ होत्या, स्टेशन-किलोमीटरसकट. एकाच्या खिशात मासिक पास निघाला, त्याच गाडीचा. रोज त्यांना हात करणारा माणूस.

"घरी गेलो की ही विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही. आणि आंघोळीला जायचो. थंडीतसुद्धा, मध्यरात्री. दोन-तीनदा असं झाल्यावर तिनं विचारणं सोडलं. मी दारात दिसलो की चेहऱ्यावरून ओळखायची आणि गप पाणी तापत ठेवायची. बत्तीस वर्षांत या विषयावर एक शब्द आम्ही बोललो नाही."

ते थांबले. मीही.

"शेवटच्या वर्षी रात्री मला जाग यायची. बाथरूममध्ये पाणी वाजायचं. दोन वाजता, अडीच वाजता. मी विचारायचो, काय गं? ती म्हणायची, काही नाही. तुम्ही झोपा." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पसरले. "तिला रक्त जात होतं. पाळी बंद होऊन पंधरा वर्षं झालेली. रात्री कपडे धुवायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. सात महिने. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पसरलेला होता. मॅडम, ती हे माझ्याकडून शिकली."

या वाक्याला उत्तर नाही. "तुमचा दोष नाही" हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते त्यांच्यासाठी नव्हतं, मला ते ऐकवत नव्हतं म्हणून होतं. मी ते गिळलं. "पाणी ती तापत ठेवायची," एवढंच म्हणाले, कारण मला तेच दिसत होतं, मध्यरात्री स्वयंपाकघरात गॅसपाशी उभी असलेली, काही न विचारणारी बाई. तेव्हा ते रडले. हातरुमाल काढून, घडी मोडून, व्यवस्थित. मी घड्याळ बघितलं नाही. त्या दिवशी पुढची वेळ होती त्या मुलीला वीस मिनिटं बाहेर बसावं लागलं.

रात्रीचा आवाज लगेच थांबला, असं नाही. औषध चालूच होतं, झोपेसाठी काही साध्या सवयीही आम्ही बसवल्या. उन्हाळ्यापर्यंत ते सकाळी फिरायला जाऊन परतताना कोपऱ्यावर उभ्यानं पोहे खायला लागले, वर जिरावण मसाला घालून. मुलीला जे सांगायचं होतं ते त्यांनी स्वतः, माझ्या खोलीत, तिला बोलावून सांगितलं. तिच्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती: आईच्या राहून गेल्या त्या तपासण्या तिनं स्वतःच्या बाबतीत पुढं ढकलू नयेत.

सगळं असं जुळत नाही. भंवरकुआजवळ हॉस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी माझ्याकडे यायची. इतकी समजूतदार, इतकी गोड. मी दिलेला प्रत्येक उपाय वहीत लिहून घ्यायची. "हो मॅडम. करते मॅडम." मी खूश. पाचव्या आठवड्यानंतर ती आली नाही, फोन लागला नाही. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन यांनी नात्यात पडणाऱ्या तड्यांवर पुष्कळ काम केलं आहे. ते म्हणतात, काही माणसं भांडून दूर जातात आणि काही मान डोलावून. आपल्याकडे मोठ्यांना 'नाही' म्हणायची सोय मुलींना कुठे असते? तिचा नकार 'हो'च्या कपड्यात माझ्यासमोर पाच आठवडे बसला होता आणि मी त्याला प्रगती समजले. आता कुणी सलग तीनदा 'हो मॅडम' म्हटलं की मी थांबते आणि विचारते, "यातलं काय पटलं नाही?" पहिल्यांदा सगळे दचकतात. दुसऱ्यांदा विचारलं की एखादी जण हळूच सांगते. त्या मुलीला मात्र मी हे विचारलं नाही, आणि ती मला अजून आठवते.

२०१८ मध्ये सुमारे तीनशे अभ्यास, तीस हजारांहून अधिक लोक, असा मोठा लेखाजोखा छापून आला. उपचार कुठल्याही पद्धतीचा असो, नातं जितकं घट्ट, तितका परिणाम चांगला, असं त्यात पुन्हा दिसलं. हा संबंध मध्यम आकाराचा आहे, चमत्कार नाही. बाकी बरंच काही माणसाच्या परिस्थितीवर, आजारावर, औषधावर, घरावर असतं. मी तरुणांना शिकवताना हे मुद्दाम सांगते, नाहीतर ती नातं म्हणजे गोड बोलणं समजतात. गार्डसाहेबांशी माझं नातं गोड बोलण्यानं झालं नाही. मी चुकले, कबूल केलं, आणि सुई परत चढते का हे त्यांनी तीन आठवडे पाहिलं.

काही गोष्टी त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितल्या नाहीत. अकरापैकी दोन. एकदा मी विचारलं, ते म्हणाले, "ते राहू द्या." राहू दिलं.

मागच्या आठवड्यात हा लेख त्यांना वाचून दाखवला. आता ते नियमित येत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी चक्कर टाकतात. डोळे मिटून ऐकलं. दोन दुरुस्त्या सांगितल्या: पेटाऱ्याला 'लाइन बॉक्स' म्हणतात, आणि कलाकंदाबद्दल जास्त लिहायला हवं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगी. आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे मलाही ऐकू आलं, "बाबा, कसे आहात?"

"काही..." ते म्हणाले, आणि थांबले. खिडकीकडे बघितलं. "गुडघा दुखतोय गं. आणि काल रात्री जाग आली ती आलीच, मग तुझ्या आईचा अल्बम काढून बसलो."

मी पाणी आणायला आतल्या खोलीत गेले.